परवलीचा शब्द

सूर्य मावळला की गडाचे दरवाजे बंद होत आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकास पहारेकरी परवलीचा शब्द विचारी. शब्द जुळला तर दिंडी उघडे. न जुळला तर मनुष्य कितीही ओळखीचा असो, त्यास रात्र बाहेरच काढावी लागे. आज गड ओस पडले आणि पहारेकरीही गेले, परंतु तो शब्द काही गेला नाही. पासवर्ड असे नाव धारण करून तो आपल्या घराघरांत शिरला आहे, आणि स्वतःच्याच दारी मनुष्यास उभे करून ‘तू कोण?’ म्हणून विचारीत आहे.

हा विचार आमच्या मनात आला तो गेल्या १५ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी. निपाणीस आमचे एक स्नेही करसल्लागार आहेत. बाजारपेठेतील एका माडीवर त्यांची दोन खोल्यांची कचेरी आहे. आयकराचे विवरणपत्र, ज्यास आपण सर्वजण ‘रिटर्न’ म्हणतो, ते भरण्याची एरवीची मुदत ३१ जुलैची. त्या वर्षी फॉर्म बदलल्यामुळे सरकारने मे महिन्यातच ती १५ सप्टेंबरपर्यंत वाढवून दिली होती. दीड महिन्याची सवड मिळाली होती, तेव्हा शेवटच्या दिवशी कचेरी रिकामी असेल, गप्पा मारता येतील, असे समजून आम्ही जिना चढलो. पाहतो तो जिन्यावरच माणसे बसलेली! निवृत्त शिक्षक, तंबाखूचे व्यापारी, कारखान्यातील कामगार, आणि एक कडेवर मूल घेतलेली परिचारिका. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी व पिशवीत कागद.

आमचे स्नेही खुर्चीत बसले होते व त्यांच्या समोरच्या पडद्यावर एक चक्र फिरत होते. ते किती वेळ फिरत आहे, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “दुपारी तीनपासून. मध्ये दोनदा उघडले, सगळे भरले, आणि शेवटचे बटण दाबताच ‘आपली वेळ संपली, पुन्हा प्रवेश करा’ असे आले. पुन्हा प्रवेश म्हणजे पुन्हा पासवर्ड आणि पुन्हा ओटीपी.”

वाचकहो, हा ओटीपी म्हणजे काय हे आता कोणास सांगावयास नको. एकदाच चालणारा तो सहा अंकी आकडा मोबाईलवर येतो. आयकराच्या संकेतस्थळावर त्याचे आयुष्य पंधरा मिनिटांचे, आणि तो चुकीचा घातला तर प्रयत्न तीनच. आता चित्र असे पाहा : सल्लागार निपाणीत, गिऱ्हाईक कोगनोळीच्या शिवारात, आणि शिवारात मोबाईलला रेंज नाही. सल्लागार फोन करतो, “अण्णा, आकडा आला का?” अण्णा बांधावर चढून पाहतात व मोठ्याने आकडा वाचून दाखवितात. तो निघतो गॅसच्या सिलिंडरचा. दुसरा वाचतात तो बँकेचा. खरा आकडा येऊन पोहोचेपर्यंत पंधरा मिनिटे सरलेली असतात. आम्ही बसलो होतो त्या दोन तासांत हे नाटक पाच वेळा झाले.

त्याच वेळी एका वृद्ध गृहस्थांनी आकडा सांगण्यास साफ नकार दिला. “साहेब, तुम्ही चांगलेच आहात,” ते फोनवरून म्हणाले, “पण ओटीपी कोणालाही सांगू नका असे बँकेत पाटीच लावली आहे. मी तुमच्याकडे येतो आणि माझ्या हाताने घालतो.” आणि ते खरोखरच एसटीने आले. कचेरीतील काही मंडळी हसली. आम्हांस मात्र वाटले, त्या सर्व जमावात शहाणा मनुष्य तोच एक. ज्या गोष्टी कोणासही देऊ नयेत असे रात्रंदिवस सांगितले जाते, त्याच गोष्टी देशातील लक्षावधी साधी माणसे दर हंगामात दुसऱ्याच्या स्वाधीन करतात. ती मूर्ख आहेत म्हणून नव्हे. दरवाजा इतका अवघड करून ठेवला आहे की त्यांना तो एकट्याने उघडता येत नाही, म्हणून.

आमच्या स्नेह्यांच्या टेबलाच्या खणात एक जाड वही आहे. तीत चारशेच्या वर माणसांचे पासवर्ड आहेत. पासवर्ड आठ ते चौदा अक्षरांचा हवा, त्यात मोठे अक्षर हवे, लहान अक्षर हवे, अंक हवा व एखादे चिन्हही हवे. ही झाली एका आयकराची गोष्ट. जीएसटीचे दार निराळे, कापून घेतलेल्या कराच्या हिशेबाचे निराळे, भविष्यनिर्वाह निधीचे निराळे, राज्याच्या व्यवसायकराचे निराळे. वर्षभराच्या व्यवहारांचे जे विवरण आयकर खाते देते, ते उतरवून घेतल्यावर उघडण्यासही आणखी एक शब्द लागतो : पॅन लहान अक्षरांत आणि त्यास जोडून जन्मतारीख. व्यापाऱ्यांच्या सहीसाठी जी पेनड्राइव्हसारखी डिजिटल सही असते, तिचा शब्द पुन्हा वेगळा, आणि तो वारंवार चुकला तर ती सहीच बंद पडते. “पूर्वी माझ्या हाताखालच्या मुलाला जमाखर्च यावा लागे,” आमचे स्नेही म्हणाले, “आता त्याला स्मरणशक्ती असली तरी पुरे.”

निपाणीस कागदपत्रांचे ओझे नवे नाही. सन १९४३ मध्ये तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला, तेव्हापासून तो १९७९ मध्ये कच्च्या तंबाखूवरून उठेपर्यंत या भागातील शेतकरी व वखारवाले अबकारीच्या निरीक्षकापुढे वह्या घेऊन उभे राहत आले. पण त्या निरीक्षकास तोंड होते. त्याच्याशी बोलता येई, भांडता येई, फार तर विनवणी करता येई. फिरत्या चक्राशी कोण भांडणार?

याचा अर्थ जुने सर्व चांगले आणि नवे सर्व वाईट, असा कोणी घेऊ नये. सन २००९ पासून बेंगळुरूच्या केंद्रात विवरणपत्रांची छाननी होऊ लागली. पूर्वी परताव्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत व कित्येकांस वर्ष वर्ष वाट पाहावी लागे. आता सर्व सुरळीत असेल तर काही आठवड्यांत, क्वचित काही दिवसांतच, पैसे बँकेत जमा होतात आणि मध्ये कोणाचा हात ओला करावा लागत नाही. हा लाभ लहान नव्हे. परंतु यंत्र अडले म्हणजे ते एका गावापुरते अडत नाही, सगळ्या देशाचे अडते. ७ जून २०२१ रोजी आयकराचे नवे संकेतस्थळ सुरू झाले, त्या वेळची आठवण सल्लागार मंडळी अजून काढतात. ज्या कामासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये चार हजार दोनशे कोटींहून अधिक खर्च मंजूर केला होता, ते दार पहिल्याच दिवसापासून कुरकुरू लागले. अखेर २३ ऑगस्ट २०२१ रोजी अर्थमंत्र्यांनी ते उभारणाऱ्या इन्फोसिस कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांस बोलावून जाब विचारला, आणि त्या वर्षीची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली.

तरीही दोषाचा एक वाटा आपल्या पदरी घेतलाच पाहिजे. ३१ जुलै २०२४ या एकाच दिवशी देशात जवळजवळ सत्तर लाख विवरणपत्रे भरली गेली. सणाच्या आदल्या दिवशी सारे गाव एकाच एसटीत चढू लागले तर दार मोडणार नाही तर काय होईल? आम्ही बसलो होतो त्या १५ सप्टेंबरच्या रात्रीही असेच झाले. सायंकाळी जिन्यावरील माणसे घरी गेली, सल्लागार व त्यांचा मुलगा मात्र चहावर चहा घेत बसले. मध्यरात्रीच्या सुमारास बातमी आली की मुदत एक दिवसाने, म्हणजे १६ तारखेपर्यंत, वाढविली आहे. पण रात्री बारा ते अडीच संकेतस्थळ दुरुस्तीसाठी बंद! आमचे स्नेही तेथेच टेबलावर डोके टेकून झोपले. त्यांच्या पत्नीने दुसऱ्या दिवशी आम्हांस सांगितले, “अहो, यांना झोपेतसुद्धा आकडे दिसतात.”

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा प्रपंच मांडला ती सांगतो. त्या संध्याकाळी सर्वांच्या मागे, भिंतीस टेकून, एक वृद्ध बाई बसल्या होत्या. आमच्याच भागातील एका खेड्यातल्या. यजमान शाळेत गुरुजी होते, ते तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पश्चात मिळालेले नऊ लाख रुपये बाईंनी बँकेत मुदतीने ठेवले होते. त्यावरील व्याज व कुटुंबनिवृत्तिवेतन हेच त्यांचे सर्वस्व. उत्पन्न इतके थोडे की त्यांस आयकर लागूच नये. तरी बँकेने वर्षाच्या व्याजातून वीस टक्क्यांनी, म्हणजे सुमारे साडेबारा हजार रुपये कापून घेतले होते. कारण त्यांचे पॅन कार्ड ‘निष्क्रिय’ झाले होते. आधारशी न जोडलेली पॅन कार्डे १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरली, हे त्यांच्या कानी कोणी घातलेच नव्हते.

“मावशी, मग जोडले का नाही?” आमच्या स्नेह्यांनी विचारले.

“जोडायला गेले होते बाबा, दोनदा,” त्या म्हणाल्या. “नाव जुळत नाही म्हणतात. आता माझेच नाव मला जुळत नाही, त्याला मी काय करू?”

त्यांच्या या वाक्यावर आम्ही प्रथम हसलो, नंतर मात्र हसू ओसरले. सीमाभागातील आपल्या किती कुटुंबांची हीच कथा आहे! बोली मराठी, आधार कार्डावर कानडी व इंग्रजी, आणि ते इंग्रजी लिहिणाऱ्याने कानाने ऐकून लिहिलेले. फिलोमिना एका कागदावर ‘पीएच’ने सुरू होते, दुसऱ्यावर ‘एफ’ने. घरचा आंतोन शाळेत अँथनी होतो, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्याचे तिसरेच रूप असते. जन्मतारखेचे तर विचारूच नका. शाळेत घालताना मास्तरांनी अर्ध्या गावास १ जूनला जन्मास घातले आणि आधारवाल्यांनी उरलेल्या अर्ध्यास १ जानेवारीला! माणसाला हा फरक क्षुल्लक वाटतो. यंत्राला मात्र एका अक्षराचा फरक म्हणजे दुसरा मनुष्य.

बाईंची अडचण एवढ्यावरच संपत नव्हती. संकेतस्थळावर त्यांचे खाते काही वर्षांपूर्वी कोणा एकाने उघडून दिले होते. त्याने आपलाच मोबाईल क्रमांक व आपलाच ईमेल त्यात घातला होता. तो आता गाव सोडून गेला, आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. पासवर्ड बदलावा तर आधारचा ओटीपी हवा. आधारला जोडलेला क्रमांक मुलाचा, आणि मुलगा कुवेतला. म्हणजे बाईंच्या स्वतःच्या साडेबारा हजारांच्या पेटीस तीन कुलपे होती आणि एकाही कुलपाची किल्ली बाईंकडे नव्हती.

आमच्या स्नेह्यांनी घड्याळाकडे पाहिले, जिन्यावरील माणसांकडे पाहिले, आणि बाईंस म्हणाले, “मावशी, आजची धावपळ तुमच्यासाठी नाही. तुमचे उत्पन्न करमर्यादेच्या आत आहे. तुम्हांला ३१ डिसेंबरपर्यंत भरता येईल, दंडही लागणार नाही. पण गाठी एकेक करून सोडवाव्या लागतील.” घाबरलेल्या माणसास ‘अजून वेळ आहे’ हे सांगणारा कोणी भेटणे, हेच अर्धे काम असते.

गाठी कशा सुटल्या ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांस ते उपयोगी पडेल. प्रथम बाई आधारकेंद्रावर गेल्या व अंगठा देऊन स्वतःचा मोबाईल क्रमांक आधारला जोडून आल्या. मग आधारवरील नाव व जन्मतारीख यांप्रमाणे पॅनची दुरुस्ती करून घेतली. त्यानंतर हजार रुपये शुल्क भरून दोन्ही कार्डे जोडली. या जोडणीसाठी खात्याचा पासवर्ड लागत नाही, हे फार थोड्यांस ठाऊक असते. पॅन पुन्हा सक्रिय होण्यास काही दिवस लागले. मग आधारच्या ओटीपीने जुना पासवर्ड रद्द केला व खात्यात बाईंचा स्वतःचा क्रमांक घातला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विवरणपत्र भरले आणि त्याच बैठकीत ओटीपी घालून त्याची पडताळणीही केली. हे शेवटचे पाऊल बरेच लोक विसरतात. तीस दिवसांत पडताळणी झाली नाही, तर वेळेवर भरलेले विवरणपत्रही उशिराचे ठरते, आणि ती कधीच झाली नाही तर ते न भरल्यासारखेच. ज्यांस ओटीपीचा मार्ग साधत नाही, त्यांस सही केलेली पावती टपालाने बेंगळुरूस पाठविण्याची सोय होती. जानेवारीत बाईंचे पैसे आले. त्या पेढे घेऊन कचेरीत गेल्या व म्हणाल्या, “साहेब, पैसे आले ते बरेच झाले. पण माझे नाव मला परत मिळाले, हे जास्त झाले.”

दुसऱ्याच्या हाती किल्ली देण्यात केवळ गैरसोयच असते असे नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. काही विवरणपत्रे भरून देणारे लोक मोठ्या परताव्याचे आमिष दाखवून, गिऱ्हाइकांच्या नावे खोट्या वजावटी मागत असल्याचे त्यात आढळले. ते तात्पुरते ईमेल उघडीत, काम झाले की टाकून देत, आणि सरकारच्या नोटिसा त्या बेवारस पेट्यांत न वाचलेल्या पडून राहत. सही आपली, जबाबदारीही आपली, आणि पत्र मात्र दुसऱ्याच्या पेटीत! त्या आधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी आपण होऊन सुधारित विवरणपत्रे भरली व एक हजार पंचेचाळीस कोटी रुपयांच्या खोट्या मागण्या मागे घेतल्या, असे खात्याने त्या वेळी जाहीर केले. ‘अमक्याने भरले, मला काय ठाऊक?’ हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही, आणि आपल्या सदसद्विवेकापुढेही चालू नये.

या परवलीच्या शब्दाचा इतिहासही मोठा मौजेचा आहे. संगणकास पासवर्ड लावण्याची रीत प्रथम १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत पडली. एकच यंत्र अनेकजण वापरीत, म्हणून प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात एवढाच हेतू. ही व्यवस्था करणारे फर्नांडो कोर्बातो यांनीच म्हातारपणी कबूल केले की हे प्रकरण आता एखाद्या दुःस्वप्नासारखे झाले आहे. त्यांच्याजवळ स्वतःच्या पासवर्डांची टिपणे होती! पुढे २००३ मध्ये बिल बर् या अमेरिकन सरकारी तज्ज्ञांनी मोठे अक्षर, अंक, चिन्ह आणि वारंवार बदल असा नियम घालून दिला व तो जगभर पसरला. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, आपल्या त्या सल्ल्यापैकी बऱ्याच भागाचा आपणांस पश्चात्ताप होतो, असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी त्यांच्या संस्थेने आपली शिफारस बदलली : शब्द लांब असावा, आठवण्यास सोपा असावा, आणि कारण नसता बदलावयास लावू नये. ज्याने कुलूप केले त्यालाच किल्ली जड झाली, तर आमच्या मावशींस ती झाली यात नवल ते काय?

परंतु कुलूप जड आहे म्हणून किल्ली परक्याच्या कंबरेस लावून चालत नाही. बँकेच्या तिजोरीची रीत आपणांस ठाऊक आहे. एक किल्ली बँकेची, एक आपली, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. आयकराच्या दारालाही आपण हीच रीत लावावी. सल्लागाराची विद्या ही त्याची किल्ली. मोबाईल क्रमांक, ईमेल व पासवर्ड ही आपली. क्रमांक घरातच राहणाऱ्या माणसाचा असावा, परदेशी असलेल्या मुलाचा नव्हे. पासवर्ड आठवत नसेल तर घरातील एका वहीत लिहून ती कागदपत्रांच्या पेटीत ठेवावी, आणि घरातील आणखी एकास ती कोठे आहे ते सांगून ठेवावे. आज कर्ता मनुष्य आहे, उद्या नसेल. त्याच्याबरोबर शब्दही गेला तर मागे राहिलेल्यांनी वारस म्हणून नोंद करण्यासाठी किती दारे ठोठवावी लागतात, हे ज्यांच्यावर पाळी आली त्यांसच विचारावे. आणि तरुण पोरांना एक सांगणे आहे : वर्षातून एक संध्याकाळ आईबापांच्या शेजारी बसा. सर्व कागदांवरील नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख व फोनचा क्रमांक एकदा पडताळून पाहा. तासाभराचे काम आहे, आणि कित्येकदा वर्षाची कमाई त्यावर अवलंबून असते.

आमची स्वतःची गोष्ट सांगून हे पुरे करतो, नाहीतर वाचक म्हणतील, हा गृहस्थ दुसऱ्यांस ज्ञान शिकवितो. त्या संध्याकाळी घरी येऊन आम्ही मोठ्या तोऱ्यात आमचे स्वतःचे खाते उघडावयास बसलो. तीन वेळा पासवर्ड चुकला. चौथ्या वेळी सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून हाक मारून विचारले, “भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पाहिलेत का?” तेथे तो होता, त्यांच्या हस्ताक्षरात, दुधाच्या हिशेबाखाली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती जागा काही बरी नव्हे, हे आम्ही जाणतो. वही आणली आहे, आणि कॅलेंडरामागील ते अक्षर आता खोडले आहे. तथापि त्या रात्री एक गोष्ट नीट कळली. परवलीचा शब्द एकट्याने जपायचा नसतो. तो विश्वासाच्या एका माणसाबरोबर जपायचा असतो, आणि ते माणूस बहुधा आपल्याच घरात असते.